पंपाचा फ्लँज कुठल्या मापाचा घ्यायचा? २४ ने फार दुखतंय

अबोली:
नमस्कार, वाचत असते नेहमी पण लिहितेय पहिल्यांदाच, लांबलं तर चालवून घ्या.

बाळ दोन महिन्यांचं होत आलंय. लवकरच ऑफिस सुरू होईल म्हणून आत्तापासून थोडं थोडं पंप करून बघतेय. पंप इलेक्ट्रिक आहे, डबल, आणि बॉक्समध्ये २४ मिमीचे फ्लँज आलेत (छातीला लावायचं ते नरसाळं). बाळ अंगावर पितं तेव्हा काहीच दुखत नाही, लॅच (बाळाची पकड) चांगलं आहे असं डॉक्टरही म्हणाल्या, वजन वाढतंय. पण पंप लावला की थोड्याच वेळात उजवीकडे असं होतं की काढून फेकावासा वाटतो. निपलच्या भोवतीचा गडद भागसुद्धा बराचसा नळीत ओढला जातो, आणि काढल्यावर तिथे सुजल्यासारखं, जाड जाड लागतं, गोल वळ उठलेला असतो. डावीकडे एवढं दुखत नाही पण तिकडे दूधच कमी येतं. सक्शन वाढवलं तर जास्त येईल म्हणून वाढवून बघितलं तर उलट कमीच आलं!

आता गोंधळ असा की पंपाबरोबरच्या कागदावर लिहिलंय निपल मोजा आणि त्यात ४ मिळवा. पट्टी धरून मोजलं तर उजवीकडे १५ का १६ आणि डावीकडे १७ वाटतंय, म्हणजे २० किंवा २१ घ्यायला हवा. नणंद म्हणते अगं दुखतंय म्हणजे लहान पडत असणार, तुझी छाती भरलेली आहे, तुला २८ लागेल. आणि व्हिडिओ बघावेत तर बायका १५, १७ चे इन्सर्ट (फ्लँजच्या आत बसवून नळी अरुंद करायचा तुकडा) घालून बसलेल्या. कोणाचं ऐकू?

मोजायचं नक्की कुठे आणि कधी, इन्सर्ट चालतात की पूर्ण फ्लँजच घ्यावा, आणि हे दुखणं सुरुवातीला सगळ्यांनाच होतं का, म्हणजे सवय होते का, एवढं प्लीज सांगा कोणीतरी.

खारूताई:
अबोली, आधी शेवटच्याचं उत्तर देते. सवय बिवय काही होत नाही गं. पहिली काही सेकंदं ओढल्यासारखं वाटतं, पान्हा फुटेपर्यंत जरा चमकल्यासारखं होतं कोणाकोणाला, तेवढं ठीक. त्यानंतर पंप चालू असताना दुखायलाच नको. दात ओठ खाऊन पंप करायचा नसतो, आणि दुखत असेल तर पान्हाही नीट फुटत नाही, म्हणून तर सक्शन वाढवल्यावर तुझं दूध कमी झालं. त्यात नवल काही नाही.

दुसरं, नणंदबाईंना माझा नमस्कार सांग पण छातीच्या आकाराचा आणि फ्लँजचा काडीचाही संबंध नाही. फ्लँजवर जो आकडा असतो तो नळीच्या तोंडाचा व्यास असतो मिलिमीटरमध्ये, आणि त्या नळीत जायचं असतं फक्त निपल. भरलेली छाती आणि बारीक निपल, सडपातळ बाई आणि मोठं निपल, सगळे प्रकार असतात. माझ्या जावेचं आणि माझं अगदी उलट आहे, यावरून आमच्यात हशा पण झालाय भरपूर.

तू जे लिहिलंयस ना, गडद भाग आत ओढला जातो, काढल्यावर तो जाड सुजलेला, ही मोठ्या फ्लँजची खूण आहे, लहानची नाही. लहान असेल तर निपल नळीच्या भिंतीला सगळीकडून घासतं, आत पुढेमागे मोकळं हलत नाही, अडकल्यासारखं दिसतं, आणि काढल्यावर टोक पांढरं पडलेलं किंवा मुळाशी काचल्याचा वळ असतो. तुझा वळ कुठे आहे? निपलच्या मुळाशी घट्ट की बाहेर, गडद भागावर? बाहेर असेल तर नक्कीच मोठा होतोय. यात २८ लावलास तर आणखी मांस आत जाईल आणि सूज वाढेल, आणि सूज आली की दुधाच्या वाटा दाबल्या जातात मग छाती नीट रिकामी होत नाही, मग गाठी. एकातून एक निघत जातं ते.

म्हणून माझं मत विचारशील तर आधी २१ नको, थेट त्याहून खाली जाऊन बघ.

मनवा_मी:
खारूताईंचं बरोबर आहे पण एक सांगते, हल्ली जिकडे तिकडे "लहान घ्या लहान घ्या" चाललंय त्यात सगळ्यांनीच १५ वर उडी मारायची गरज नाहीये. मला २७ लागायचा. बॉक्समधल्या २४ मध्ये निपल चक्क रुतून बसायचं आणि सालटं निघायची. मी जर कुणाचा व्हिडिओ बघून १७ घेतला असता तर काय झालं असतं विचार करा. पंपांच्या कंपन्यांत मेडेलाचे २१, २४, २७, ३०, ३६ असे येतात, स्पेक्ट्राचे २०, २४, २८, ३२ असे, आणि ३६ चा कोणाला तरी लागत असेल म्हणूनच बनवतात ना.

बॉक्समध्ये २४ येतो म्हणजे तो "नॉर्मल" आणि बाकी आपण वेडेवाकडे असं काही नसतं, एवढंच. बनवणाऱ्याला काहीतरी एक घालायचं असतं डब्यात.

निशिगंधा:
अबोली, मी स्तनपान समुपदेशनाचं काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते. न बघता, न तपासता लिहितेय हे लक्षात असू द्या.

मोजायचं पंप करण्याच्या आधी. पंप झाल्यावर किंवा बाळाने नुकतंच प्यायल्यावर निपल फुगलेलं असतं, तेव्हा मोजलं तर दोनतीन मिमी सहज जास्त येतात. आधी बोटाने हलकेच स्पर्श करून निपल थोडं वर येऊ द्या, मग त्याची रुंदी मोजा, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. लांबी नाही. आणि गडद भाग अजिबात धरायचा नाही, तिथेच बहुतेकींची गडबड होते. काहींचं निपल मुळाशी रुंद आणि टोकाला अरुंद असतं, तिथे दोन्ही मापं लिहून ठेवा. कंपन्यांचे कागद मुळाशी मोजायला सांगतात, आमच्यातल्या बऱ्याचजणी टोकाचं माप धरतात, आणि खरं सांगायचं तर मापाने फक्त सुरुवात कुठून करायची ते कळतं, निकाल पंप लावल्यावरच लागतो.

पट्टीने अवघड जातं कारण समोरून नीट दिसत नाही. गोल भोकांच्या मापपट्ट्या मिळतात त्या वापरा. इंटरनेटवरून छापून घेणार असाल तर प्रिंट शंभर टक्के आकारात काढा, प्रिंटर कागदात बसवण्यासाठी आपोआप लहान करतो आणि मग १७ चं भोक १६ चं होऊन बसतं. छापल्यावर त्यावरची रेघ एकदा खऱ्या पट्टीशी ताडून बघायची. काहीच नसेल तर दोरा निपलभोवती अलगद गुंडाळा, आवळायचा नाही, आणि त्याची लांबी ३.१४ ने भागा. ५० मिमी दोरा लागला तर निपल साधारण १६ मिमीचं.

आता ते "४ मिळवा". हा जुना हिशोब आहे, आणि काही जणींना तो बरोबर लागूही पडतो. पण गेल्या काही वर्षांत अनुभव असा की बऱ्याच बायकांना मापाच्या बरोबरीचा किंवा एखाद दोन मिमी मोठा, फार तर तीन, एवढाच बरा पडतो. तुमचं उजवं १५-१६ असेल तर मी १७ पासून सुरुवात करेन, डावीकडे १७ असेल तर १९. दोन्हीकडे वेगळं माप असणं अगदी साधी गोष्ट आहे, दोन फ्लँज एकाच मापाचे असले पाहिजेत असा काही नियम नाही.

लावल्यावर काय बघायचं: निपल नळीच्या मधोमध. ओढ बसली की ते पुढे सरकतं, ओढ सुटली की मागे येतं, भिंतींना हलकं टेकलं तरी चालतं पण घासून रगडलं जायला नको. गडद भाग अगदी थोडा आत येईल किंवा नाही येणार. फ्लँज छातीवर दाबून धरू नका, नुसता टेकवा, हवा निघणार नाही इतपतच, कडा रुतली की तिथल्या वाटा दाबल्या जातात. आणि पंप संपल्यावर हात लावून बघा, छाती सगळीकडून मऊ झाली का, की एखादा भाग टणकच राहिला.

इन्सर्टबद्दल: सुरुवातीला माप शोधायला इन्सर्टच घ्या, २४ च्या आत बसतात, दोनतीन मापांचे एकत्र घेतले तरी पूर्ण फ्लँजपेक्षा खर्च कमी. फक्त दोन गोष्टी. एक, इन्सर्ट आत पूर्ण बसलाय ना ते बघा, कड उचललेली राहिली तर हवा निघते आणि सक्शन पडतं. दोन, काही इन्सर्टची नळी आखूड असते, निपल लांब ताणलं जाणारं असेल तर ते नळीच्या पलीकडे जाऊन तिथे फुगतं आणि मागे येताना कडेला अडतं. असं दिसलं तर मग त्या मापाचा पूर्ण फ्लँजच घ्यावा लागतो.

सक्शनचा क्रम पण सांगते कारण तुम्ही ते वाढवून बघितलंय. सुरुवातीचा मोड हलका आणि भरभर, बाळ सुरुवातीला चुटुचुटु ओढतं ना ते. पान्हा फुटला, धार दिसली, की दुसरा मोड, सावकाश आणि खोल. तिथे सक्शन हळूहळू वाढवत न्यायचं, नको वाटायला लागलं की एक पायरी खाली. तुमचा आकडा तो. पंपावर १० पर्यंत आहे म्हणून १० वर न्यायचं नसतं.

अबोली:
निशिगंधाताई खूप खूप धन्यवाद, इतकं नीट कोणीच सांगितलं नव्हतं. खारूताई, वळ बाहेर गडद भागावरच आहे, बरोबर ओळखलंत 😀 दोऱ्याने मोजलं आत्ता, उजवीकडे ४८ मिमी आणि डावीकडे ५४, म्हणजे १५ आणि १७ च. इन्सर्ट मागवतेय १५, १७, १९ असे.

अजून एक, डावीकडे दूध कमी येतं ते पण फ्लँजमुळेच का? आणि एका वेळी एकूण किती यायला पाहिजे, कारण मला दोन्हीकडचं मिळून ४० मिलि जेमतेम येतं आणि बाटलीकडे बघून रडू येतं.

खारूताई:
अगं रडतेस काय! बाळ अंगावर पितंय आणि तू मध्येच पंप करतेयस, म्हणजे बाळाने घेऊन उरलेलं काढतेयस. त्यात १५ ते ६० मिलि एकूण आलं तरी छान मानतात. बाळाचं वजन वाढतंय ना, झालं तर मग. ऑफिसात बाळाच्या एका पिण्याऐवजी पंप करशील तेव्हा जास्त येईल. आणि डावीउजवीत फरक बहुतेक सगळ्यांनाच असतो, एक बाजू कामाची आणि एक बाजू आळशी. बाटलीवर पायमोजा घालून टाक, खरंच सांगते, आकडे दिसले नाहीत की पान्हा लवकर फुटतो.

एक_बाबा:
बायकांच्या धाग्यात घुसतोय, माफी असावी. आमच्या घरी पंपाचे पार्ट धुणं आणि जोडणं हे खातं माझ्याकडे आहे म्हणून लिहितो. फ्लँज बदलण्याआधी किंवा बदलताना तो छोटा सिलिकॉनचा व्हॉल्व्ह पण बघा, बदकाच्या चोचीसारखा असतो काही पंपांमध्ये (डकबिल म्हणतात), काहींत पांढरी चकती असते. त्याची चीर नीट मिटत नसेल, धुताना ब्रश घालून ती रुंद झाली असेल, तर सक्शन निम्मं होतं आणि माणूस फ्लँजला दोष देत बसतो. चोच दाबून उघडायची आणि उजेडात बघायची, फट राहिली तर बदला. आत ब्रश घालू नका, बोटांनी चोळून धुवा. रोज चार पाच वेळा पंप होत असेल तर हे लवकर बदलावे लागतात, दिवसातून एकदाच असेल तर जास्त टिकतात.

डावी उजवी वेगळी मापं झाली की फ्लँजवर बाहेरून वेगवेगळ्या रंगांच्या खुणा करा नाहीतर पहाटे कुठला कुठे ते कळत नाही.

मनवा_मी:
बाबा लिहीत जा हो, उलट बरं वाटलं, असे बाबा सगळ्यांना मिळोत 😄

वेअरेबल घेणाऱ्यांसाठी, म्हणजे ते ब्राच्या आत बसणारे: त्यात निपल दिसत नाही नीट आणि अर्धा त्रास तिथेच होतो. आधी वाकून नीट मधोमध लावा, मग सरळ व्हा, आणि सुरू केल्यावर एकदा पुन्हा बघा. फ्लँजचं माप बरोबर असून निपल एका बाजूला गेलेलं असलं तरी घासतंच. साध्या पंपावर माप पक्कं करून मग वेअरेबलकडे जावं असं माझं मत.

अबोली:
अपडेट देते. इन्सर्ट आले. उजवीकडे १५ मध्ये निपल घट्ट अडकलं, काढल्यावर टोक पांढरं, लगेच काढला. १७ एकदम मस्त!! मला माहीतच नव्हतं की पंप चालू असताना फोनवर बोलता येतं. गडद भाग आत जात नाहीये आणि दूध पण थोडं जास्त येतंय, मुख्य म्हणजे पंपानंतर छाती मऊ लागते, आधी बगलेकडे टणक राहायची.

डावीकडे १९ लावला, पंप चालू असताना काहीच दुखत नाही, निपल पण मधोमध छान हलतं. पण संपवून काढल्यावर पाचेक मिनिटांनी निपल पांढरं पडतं, मग जांभळट आणि मग आग आग होते, ठणकतं. एसीत बसलं की जास्त. मग १९ पण लहान पडतोय का? २१ घेऊ? आधी २४ ने पण हे व्हायचं का ते आठवत नाही, तेव्हा सगळंच दुखायचं.

निशिगंधा:
नका घेऊ २१ एवढ्यात. पंप चालू असताना दुखत नाही, निपल मोकळं हलतंय, म्हणजे माप बहुतेक बरोबर आहे. काढताक्षणी टोक पांढरं आणि चपटं दिसणं ही दाबल्याची खूण, उजवीकडे १५ ने झालं ते. तुम्ही आता सांगताय ते थोड्या वेळाने सुरू होतंय, पांढरं, मग जांभळं, मग लाल आणि आग, आणि थंडीने वाढतंय, हे रक्तवाहिन्या आकसण्यासारखं वाटतं, व्हॅसोस्पाझम म्हणतात. ज्यांची हातापायाची बोटं थंडीत पांढरी पडतात त्यांच्यात हे जास्त दिसतं. तुमची पडतात का?

करून बघण्यासारखं: फ्लँज काढला की क्षणभरही उघडं ठेवायचं नाही, लगेच कोरडं करून कोमट कोरडा कपडा ठेवायचा, ओलं अजिबात राहू द्यायचं नाही. फ्लँज थंडगार असेल तर आधी हातात धरून कोमट करा. सक्शन डावीकडे एक पायरी कमी ठेवा. एसीची झोत अंगावर नको. आणि हे चारआठ दिवसांत निवळलं नाही तर डॉक्टरांना दाखवा, यावर गोळ्या असतात आणि स्तनपान चालू ठेवून देता येतात, पण ते त्यांनीच ठरवायचं. शक्य असेल तर आग होत असताना निपलचा फोटो काढून ठेवा, दवाखान्यात पोचेपर्यंत रंग पूर्ववत झालेला असतो आणि मग सांगणं अवघड जातं.

निपल सतत गुलाबी चकचकीत, खाज, सालं निघणं, किंवा टोकावर पांढरा ठिपका आणि तिथेच टोचल्यासारखं, असं काही असेल तर तेही दाखवा, त्याला फ्लँज बदलून उपयोग होत नाही.

अबोली:
हो!! बोटं पडतात पांढरी, कॉलेजपासून. हे दोन्ही एकच असेल असं डोक्यातच आलं नाही. डॉक्टरांची वेळ घेतेय.

मोगरा२:
धागा वाचून मी पण मोजलं, १३!!! आणि मी २४ वापरतेय. एक विचारायचं होतं, माझ्या डाव्या छातीत गाठ आलीय सुपारीएवढी, सगळे सांगतायत जोरात चोळ आणि पंप लावून पूर्ण रिकामी कर. फ्लँज लहान घेतला तर निघेल का ती?

निशिगंधा:
मोगरा, जोरात चोळू नका. पूर्वी तसंच सांगायचे, आता सल्ला बदललाय. अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिनच्या २०२२ च्या मार्गदर्शनात स्पष्ट आहे की जोरात मालिश आणि सारखं पंप करून "रिकामं" करण्याने सूज वाढते. नेहमीइतकंच पाजा किंवा पंप करा, जास्त नाही, मधून मधून कापडात गुंडाळून गार शेक द्या, हात फिरवायचाच असेल तर अगदी हलका, कातडीवरून, बगलेच्या दिशेने. फ्लँज बरोबर मापाचा घ्याच, १३ ते १५ मध्ये बघा, पण तो पुढच्या वेळेसाठी. ताप, अंग मोडून येणं, कातडी लाल गरम, यातलं काही असेल किंवा एका दिवसात उतार नसेल तर दाखवून या. आणि गाठ काही दिवसांनी तशीच राहिली तर ताप नसला तरी दाखवायचीच.

मोगरा२:
ताप नाहीये. चोळणं बंद करते लगेच, सासूबाईंना पण हा धागा वाचायला देते.

खारूताई:
मोगरा, १३ चा इन्सर्ट सगळीकडे मिळत नाही, मागवायच्या आधी तो तुझ्या २४ मध्ये बसतो ना ते वर्णनात वाच, काही इन्सर्ट दुसऱ्या पंपांच्या फ्लँजसाठी असतात आणि ते सैल बसतात. कोरड्याने घासत असेल तर नळीत आतून थेंबभर खोबरेल फिरव, नुसता पुसट हात, आणि नंतर साबणाने नीट धू कारण तेल राहिलं की सिलिकॉन खराब होतं. अबोली, तू डॉक्टर काय म्हणाल्या ते येऊन लिही हां.